गुरुजींच्या पत्त्यातला तो गोल

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास बुद्धप्रिया नांदेडच्या कॉलेजात, ग्रंथालयातल्या टेबलाशी बसून नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. तेवढ्यात जळकोटहून सिद्रामप्पा पेंटरचा फोन आला.

"जयभीम, ताई. बोर्डाचं काम धरलो. गुर्जींचं नाव झालं, दोन तारखा झाल्या. आता खालची विंग्रजी वळ. त्येच्यात मधीच एक गोल हाय, आन् गोलाच्या आत अजून कायतरी वळवळ हाय. त्येचं काय करू?"

"ते काढायचंच आहे, अप्पा."

"बरं, काढतो. मग हिकडली अक्षरं आन् तिकडली अक्षरं एकाला एक चिकटवू का?"

"काढायचं म्हणजे पुसायचं नाही! रंगवायचं. आहे तसं."

"आसं व्हय. पर हाय काय त्ये?"

"ईमेलच्या पत्त्यात असतं ते. ॲट द रेट."

"कशाचा रेट?" सिद्रामप्पाने विचारलं, आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

बोर्ड होता बुद्धप्रियाच्या वडिलांच्या नावाचा. आनंदराज सोनकांबळे गुरुजी फेब्रुवारीत गेले. जळकोटजवळच्या त्यांच्या गावात, बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत त्यांनी मुलांसाठी अभ्यासिका चालवली होती. येत्या रविवारी तिला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. बुद्धप्रियाच्या मते बोर्डावर नाव आणि दोन तारखा पुरेशा होत्या. आजवरच्या वाचनातून तिचं एक मत झालं होतं: गेलेल्या माणसाबद्दल जितकं कमी लिहावं, तितकं ते जास्त टिकतं.

पण गावाला पत्ता हवा होता. कारण गुरुजींचा ईमेल हा एकट्या गुरुजींचा नव्हता, तो अख्ख्या गावाचा होता. नऊ-दहा वर्षांपूर्वी अर्जांवर 'ईमेल' नावाचा रकाना यायला लागला, तेव्हा गावात ती वस्तू फक्त गुरुजींकडे होती. जशी गावाला एक पाण्याची टाकी, जसा एक तलाठी, तसा एक ईमेल. शिष्यवृत्ती असो, भरती असो, विहिरीचा अर्ज असो, रकान्यात गुरुजींचा पत्ता. गुरुजी रोज सकाळी वंदना झाली की मेल उघडत आणि विहाराच्या भोंग्यावरून पुकारत, "शेषेरावच्या धाकट्याचं हॉल तिकीट आलंय. आंघोळ करून घेऊन जावं."

ते गेल्यावर हे काम बुद्धप्रियाकडे आलं. रोज सकाळी ती नांदेडला स्वतःच्या मेलच्या आधी त्यांचा मेल उघडायची, कुणाचं काय आलंय ते आईला फोनवर सांगायची, आणि आई, सरजाबाई, भोंग्यावरून पुकारायची. पासवर्ड तिला शोधावा लागला नव्हता. गुरुजींनी तिचंच नाव उलटं लिहून ठेवलं होतं.

अडचण दुसरीच होती. गुरुजी होते तोवर अर्जावर पत्ता तेच लिहीत. आता लोक आपापला लिहायला लागले, आणि त्यांनी तो फक्त ऐकलेला होता. लातूरच्या एका कार्यालयाचा अर्ज होता, त्यात ईमेलला तीस चौकोन. एका चौकोनात एक अक्षर. लोकांनी इमानेइतबारे 'ॲट द रेट' ही नऊ इंग्रजी अक्षरं नऊ चौकोनांत बसवली. मग शेवटच्या 'कॉम'ला जागाच उरली नाही, ते चौकोनांबाहेर उघड्यावर पडलं. अशी दोन हॉल तिकिटं कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. तिसरा अर्ज होता केवळाबाईच्या नातीचा. पुनम चौथीत पहिली आली होती आणि तिला निवासी शाळेच्या परीक्षेला बसायचं होतं. केवळाबाईचं घर गुरुजींच्या शेजारी. पुनमला पाढे गुरुजींनीच शिकवले होते. अर्जाची शेवटची तारीख सोमवार, संध्याकाळी पाच.

"म्हनून बोर्डावर पत्ता पायजे," सरजाबाईने फोनवर निकाल दिला होता. "हात हात अक्षरात. बगून लिवता आलं पायजे."

"आई, माणूस गेल्यावर पत्ता कशाला?" बुद्धप्रिया बोलून गेली, आणि लगेच तिला वाटलं, बोलायला नको होतं.

"मानूस गेलं म्हनून पोस्टमन यायचा ऱ्हातो का? पत्ता नसला तर मी पडदा वढायला यायची न्हाई. सांगून ठेवते."

म्हणून तिने कागदावर निळ्या शाईने पत्ता लिहून सिद्रामप्पाकडे पोचवला होता.

सिद्रामप्पाचा एक नियम होता: न समजलेलं अक्षर रंगवायचं नाही. पूर्वी धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याचा तेलुगू बोर्ड त्याने कागदावरून हुबेहूब उतरवला होता. कागद उलटा धरला होता एवढंच. तेव्हापासून तो प्रत्येक खुणेचा अर्थ जाणकाराला विचारल्याशिवाय ब्रश बुडवत नसे. आणि जळकोटात जाणकारांचा तोटा नव्हता.

गुरुवारी पुन्हा फोन आला.

"ताई, उलगडा झाला. शिवशंकरशेठला इचारलं, आडतवाले. त्ये म्हनले, ह्ये तर भावाचं निशाण. सोयाबीन वीस कट्टे, मग ह्ये निशाण, मग भाव. तर गुर्जींचा भाव काय लिवू?"

"अप्पा, गुरुजींचा कसला भाव?"

"मीबी त्येच म्हनलो! गुर्जींनी अर्ज लिवायचा कुनाकडून छदाम घेतला न्हाई. तवा शेठ म्हनले, नुस्तं निशाण लावून भाव न लिवनं म्हंजी गिऱ्हाइकाला धोका. म्हनून पेन्सिलीनं आखून ठेवलो, 'सोनकांबळे गुरुजी', मग गोल, मग 'मोफत'."

"खोडा ते!"

"खोडतो. पर मोफत लिवलं तर मानसाचा मान वाढतो, ताई."

बुद्धप्रियाने शांतपणे समजावलं, की भावाचा इथे संबंध नाही; बाजारात ते चिन्ह भावासाठी वापरतात हे खरं, पण ईमेलात नाही. सिद्रामप्पाने 'हाव, हाव' म्हटलं. फोन ठेवताना तो एवढंच पुटपुटला, "नावात रेट हाय आन् भावाचा संबंध न्हाई म्हनतात. शिकलेली मान्सं."

शुक्रवारी सिद्रामप्पाच्या दुकानात दगडोबा जमादार चहाला आले. ते पोलिसातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण अजून कुणाचाही कागद दिसला की ते आधी मागची बाजू बघत. त्यांनी निळ्या शाईतला पत्ता पाहिला आणि कप खाली ठेवला. कागदावरच ठेवला.

"सिद्रामप्पा, ह्ये निशाण मला वळखीचं हाय. हैद्राबादकडनं गुन्हेगारांच्या याद्या यायच्या. आधी खरं नाव, मंग ह्ये, मंग दुसरं नाव. म्हंजी उर्फ. सरळ मानसाला ह्ये लागत न्हाई."

"गुर्जींना?"

"मी काय बोललो न्हाई. मी निस्तं निशाण सांगून राहिलो."

जमादार काही बोलले नाहीत, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावात पोचलं. हैदराबादच्या यादीत गुरुजींचं दुसरं नाव आहे, आणि मुलीला ते बोर्डावर टाकायचंय. बुद्धप्रियाला कळलं तेव्हा तिचे कान तापले. तिने आईला फोन लावला.

"आई, दगडोबाकाकांचं मनावर घेऊ नकोस. बाबांना दुसरं नाव होतं म्हणे!"

"व्हतं की," सरजाबाई म्हणाली.

"काय?"

"ग्यानोबा. जल्मलं तवाचं नाव. दुसऱ्या सालाला तुज्या आज्यानं दीक्षा घेतली, मंग आनंदराज ठिवलं. पर तुजी आजी मरंस्तोर ग्यानूच म्हनायची. ग्यानू जेवला का, ग्यानू आला का."

टेबलावरच्या पुस्तकाचं एक पान बुद्धप्रियाने उगाच उलटलं.

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"तू इचारलं न्हवतं. आता दगडोबा लई फुगलाय बग. म्हनतो, पोलिसाची नजर. ग्यानोबा बोर्डावर आलंच पायजे म्हनून बसलाय."

शनिवारी सकाळी पेंटरचा फोन आला तेव्हा बुद्धप्रियाने आधीच विचारलं, "आता कोण?"

"शिवकुमार. त्यो फ्लेक्सवाला. त्यो म्हनतो, ह्ये ईमेलचं हाय, आहे तसं छापायचं."

"बरोबर आहे! अप्पा, अगदी बरोबर आहे. त्याचं ऐका."

"त्येचं?" सिद्रामप्पाचा आवाज चढला. "ज्येच्या फ्लेक्सनं माजा धंदा बसवला, त्येच्या अकलेवर गुर्जींचा बोर्ड रंगवू? आन् त्यो पुढं काय म्हनतो ऐका. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नाव, ह्ये निशाण, आन् वय लिवत्यात म्हनं. 'आमचे भाऊ' आन् मग पन्नास. म्हंजी भाव झाला, उर्फ झालं, वय झालं. एक निशाण आन् तीन मालक. ताई, मी लई परेशान झालो बगा. रातच्याला डोळे झाकले की गोल गोलच दिसून राहिलं."

"कागद समोर धरा आणि नुसतं बघून काढा."

"कागद कुटं हाय? जमादारानं कप ठिवला, शेठनं त्येच्यावर भाव मांडून दावला, शिवकुमारनं वय लिवलं. आता त्या जागेवर निस्ता डाग हाय. हिकडली-तिकडली अक्षरं मी आदीच आखलो, त्ये बरं झालं. मधली जागा तेवडी मोकळी हाय."

तिला फोटो पाठवता आला असता, पण सिद्रामप्पाचा फोन बटणांचा होता. शिवकुमारच्या फोनवर पाठवला असता, पण सिद्रामप्पा शिवकुमारच्या दुकानाची पायरी चढत नव्हता. तेव्हा बुद्धप्रियाने खुर्चीत नीट बसून, ग्रंथपालाने करावं तेच केलं. तिने माहिती दिली.

"ऐका अप्पा. भाव, उर्फ, वय सगळं विसरा. ते एक इंग्रजी छोटं 'ए' आहे, त्याची शेपटी त्याच्याचभोवती गुंडाळलेली. जगात ज्याला जे दिसलं ते नाव त्याने दिलंय. इटलीतले लोक त्याला गोगलगाय म्हणतात."

"गोगलगाय," सिद्रामप्पाने नोंद घेतल्यासारखं म्हटलं.

"हॉलंडात माकडाची शेपटी. रशियात कुत्रा. ग्रीसमध्ये बदकाचं पिल्लू. स्पेनमध्ये ते एक जुनं वजन आहे, आपल्या मणासारखं. आणि डेन्मार्कमध्ये म्हणतात, सोंडेचा 'ए'. हत्तीनं सोंड आत वळवावी, तसा."

"आन् आपल्यात काय म्हनतात?"

"आपल्यात... ॲट द रेट."

"म्हंजी आपलं नावच न्हाई?"

"नाही."

"येवड्या लोकांनी ठिवलं आन् आपन न्हाई?" सिद्रामप्पाला हे मनापासून लागलेलं दिसलं. मग तो म्हणाला, "त्येवडं सोंडेचं पुन्ना सांगा."

"हत्तीची सोंड. टोक आत वळलेलं. डोळ्यापुढे आणा आणि काढा. जमेल ना?"

"आता समजलं. समजलं की जमतंय. आदीच ह्ये सांगितलं असतं तर चार दिस वाया गेले नसते."

फोन ठेवल्यावर बुद्धप्रियाला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. माहिती नीट दिली की माणसाला कळतं, असं तिला वाटलं. गुरुजीही असंच म्हणत.

रविवारी ती सकाळच्या बसने गावी पोचली. विहारासमोर मंडप होता, खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेत शिवशंकरशेठ आणि दगडोबा जमादार, मागे शिवकुमार. सिद्रामप्पा पांढरे कपडे घालून बोर्डाशेजारी उभा होता, लग्नात नवऱ्या मुलाचा मामा उभा राहतो तसा. त्रिशरण, पंचशील झालं. सरजाबाईने पडदा ओढला.

निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. आनंदराज सोनकांबळे गुरुजी. दोन तारखा. खाली इंग्रजीत सोनकांबळेगुरुजी, एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. आणि त्यानंतर एक हत्ती.

हत्ती सुंदर होता. चार पाय, सुपासारखे कान, पायांची नखंसुद्धा वेगवेगळी. सोंडेचं टोक आत वळलेलं. हत्तीनंतर उरलेला पत्ता, डॉट कॉमपर्यंत.

"साधू, साधू, साधू!" सगळा मंडप एका आवाजात म्हणाला. विहाराच्या बोर्डावर, बुद्धाच्या आईच्या स्वप्नात आला होता तसा पांढरा हत्ती, याहून शोभेचं काय असणार होतं?

शिवशंकरशेठ मान हलवत म्हणाले, "भाव लिवला न्हाई. पर हत्तीचा भाव कोन करनार!" दगडोबांना ग्यानोबा दिसलं नाही, पण त्यांनी हत्तीला सलाम ठोकला. शिवकुमारने तोंडावर रुमाल धरला होता.

बुद्धप्रियाने सिद्रामप्पाला बाजूला घेतलं. "अप्पा, हे काय?"

"सोंड तुमीच सांगितली. निस्ती सोंड बरी दिसंना, ताई. मानसाला वाटलं असतं, नळी हाय. म्हनून मागं हत्ती जोडलो."

"हे बदला. आजच्या आज."

"वला रंग हाय. दोन दिस हात लावता येत न्हाई."

आणि उद्या पाच वाजता अर्जाची मुदत संपत होती. तिने पर्समधून कागद काढला, त्यावर पत्ता ठसठशीत लिहिला, मधलं चिन्ह दोनदा गिरवलं आणि केवळाबाईला शोधून तिच्या हातात दिला. "मावशी, पुनमला सांगा, बोर्ड बघू नको. हे बघून लिही. ही खूण एका चौकोनात."

"हाव बाई, हाव," केवळाबाईने चिठ्ठी कमरेच्या पिशवीत घातली.

सगळे जेवायला बसल्यावर सरजाबाई बोर्डासमोर उभी राहिली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"ह्यातले गुर्जी कोनते?" तिने विचारलं.

"हत्तीच्या डावीकडचे," बुद्धप्रिया म्हणाली.

"आन् उजवीकडं?"

"उजवीकडे... ते जिथे असतात ती जागा."

सरजाबाईने बोर्डावर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. "मंग हत्ती बराबर हाय. लांबचं हाय. न्यायला कोनतरी पायजेच."

बुद्धप्रिया आईचं ताट वाढून आणायला गेली.

सोमवारी दुपारी ती ग्रंथालयात गुरुजींचा मेल उघडून बसली. अर्ज खिडकीवर पोचला, की पोच लगेच ईमेलवर येत असे. तीन वाजले. साडेतीन. दोन जाहिराती आल्या आणि गुरुजींना चष्म्यावर सूट मिळाली. चार वाजता तिने केवळाबाईला फोन लावला.

"खिडकीपाशीच हाय, लातूरला," केवळाबाई ओरडली. मागे मोठा गलका होता. "आमचाच नंबर चालू हाय!"

"चिठ्ठीवरून लिहिलंय ना, मावशी?"

"न्हाई बाई. पुनम आयकंना. म्हनली, बोर्ड गुर्जींचा हाय, चिठ्ठी निस्ती प्रियाताईची. बोर्डावरनंच लिवलं तिनं. थांब, सायेब कायतरी इचारायलाय."

फोन तसाच चालू राहिला. बुद्धप्रियाला खिडकीतल्या साहेबांचा थकलेला आवाज ऐकू आला.

"आजी, ह्या सोळाव्या चौकोनात काय आहे हे?"

"हत्ती हाय, सायेब."

"ते दिसतंय मला. ईमेलमध्ये हत्ती?"

"गुर्जींच्या पत्त्यातला हाय. बोर्डावरबी हाय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेब कुणाला तरी म्हणाले, "चौकोन मोजा बरं. एका चौकोनात एकच आहे ना? पुढचं सगळं बसलंय? कॉम आत आहे?" आणि नंतर, पहिल्यापेक्षा हलक्या आवाजात, "सकाळपासून पहिला अर्ज आला, ज्याच्यात पत्ता पुरा मावलाय. नाहीतर सगळे नऊ नऊ चौकोन खाऊन बसतात. कळलं मला, कुठलं बटण ते. घ्या हो हा आत."

चार वाजून चाळीस मिनिटांनी पोच आली. 'आपला अर्ज प्राप्त झाला आहे. पुनम.' पुढे नंबर.

बुद्धप्रियाने ती दोनदा वाचली आणि आईला फोन केला. सरजाबाईने आधी भोंगा चालू केला, पुनमचं नाव गावाला ऐकवलं, आणि मग फोन पुन्हा कानाला लावला.

"जबाब दिलीस का?"

"कसला जबाब?"

"त्येंनी येवडं कळवलं. गुर्जी जबाब दिल्याबिगर ऱ्हायले असते का?"

चार महिन्यांत बुद्धप्रियाने त्या पत्त्यावर आलेलं सगळं वाचलं होतं. तिथून एक अक्षरही कुणाला लिहिलं नव्हतं. मग तिने लिहिलं, 'पोचलं. आभारी आहे.' खाली गुरुजींचं नाव आपोआप उमटलं. तिने बटण दाबलं.

मिनिटभरात उत्तर आलं. तिने ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि हसू आवरेना म्हणून फोन तोंडापासून लांब धरला.

"काय म्हनतात?" सरजाबाई विचारत होती. "काय झालं गं?"

"पत्र परत आलं, आई. त्या कार्यालयाचाच पत्ता चुकीचा आहे."

"आत्ता गं माय," सरजाबाई म्हणाली. "थांब, सिद्रामप्पाला सांगते. त्येंनाबी येक बोर्ड करून दे म्हनावं."